सदतीस कडुनिंब

केशरबाई रोज सकाळी झाडं मोजायच्या. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता एक किलोमीटरचा, आणि त्याच्या दोन्ही कडांना मिळून कडुनिंबाची रोपं दोनशे. रोजगार हमीतून ती त्यांच्याकडे सांभाळायला दिलेली होती. कागदावर केशरबाईंच्या नावापुढे ‘मजूर’ लिहिलं होतं, पण कुणी विचारलं तर त्या सरळ सांगायच्या, "माहे दोनशे लेकरं हायत. पोटचा संघपाल एकटा जेवढा तरास देते ना, तेवढा हे दोनशे मिळून देत नाईत." आणि मग त्या लेकरांना कॅननं पाणी घालत, गुरांनी तोंड लावू नये म्हणून भोवती कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण करत, आणि एखादं सुकलं तर त्याच्याशी दोन कडक शब्द बोलत फाट्यापर्यंत जायच्या.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी मोजणी एकशे त्रेसष्टवरच संपली. केशरबाईंना वाटलं, आपलंच चुकलं. मधे सरपंचाची म्हैस आडवी आली होती, आकडा हुकला असेल. त्यांनी फाट्याकडून गावाकडे उलटं मोजलं. एकशे त्रेसष्ट.

झालं होतं असं, की पावसाळा संपला म्हणून कुण्या ठेकेदाराचा ट्रॅक्टर आदल्या दिवशी रस्त्याच्या कडेचं गवत काढायला आला होता. ड्रायव्हर बिचारा प्रामाणिक. गवत काढता काढता त्याला ठिकठिकाणी वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग दिसले. रस्त्यावर कचरा कोण टाकून राहिलं, असं म्हणत त्यानं तेही ढकलून दिले. सदतीस ढीग साफ केल्यावर डिझेल संपलं, नाही तर त्यानं दोनशेच्या दोनशेचा निकाल लावला असता.

केशरबाई तडक गोपालकडे गेल्या. गोपाल हा गावचा रोजगार सेवक. सरकारचा कुठलाही कागद गावात येतो तो गोपालच्या मोबाइलवर, आणि गोपाल तो अर्धा वाचून पुढचं स्वतःच्या मनानं सांगतो.

"काकू, झाली ना पंचाईत!" गोपालनं कपाळाला हात लावला. "दिवाळी झाली का तपासणी हाये. दोनशेचे दोनशे पायजे. एक जरी कमी भरलं तं रस्ता तुमच्याकून काढून घेतात अन् दुसऱ्याले देतात."

"काढून घेतात म्हंजे? माहे झाडं?"

"तुमचे कायचे? सरकारचे."

केशरबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मजुरी जाईल याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण आपली लेकरं उद्या कुण्या बयताडाच्या हाती जातील, तो रविवारी पाणी घालणार नाही, याचा घोर लागला. रोपं पुन्हा लावावीत तर सरकारी रोपवाटिकेत कडुनिंब मिळणार थेट जूनमध्ये.

तेव्हा बोलले बुधाजी. केशरबाईंचे यजमान. पन्नास वर्षं त्यांनी शेंदूरजनाघाट-वरूडच्या नर्सऱ्यांमध्ये संत्र्याची कलमं बांधली. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात जरासा थरथरायचा. गेल्या वर्षी कलम बांधताना बोट कापलं, चार टाके पडले. तेव्हापासून सून मायानं त्यांचा चाकू कुठंतरी ठेवून दिला होता आणि म्हणाली होती, "मामाजी, आता बस झालं. आराम करा." बुधाजी तेव्हापासून आराम करत होते, म्हणजे दिवसभर भिंतीकडे पाहत होते.

"गावातल्या गोवर्धनच्या नर्सरीत जंबेरीचे रोपं फेकून राहिले," बुधाजी म्हणाले. "बारीक हायत म्हणून. घेऊन येतो सदतीस."

"अवो, पण जंबेरी अन् कडुनिंब..."

"हिरवं तं दोन्ही हाये ना."

जंबेरी म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात ते रोप. हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इतरांसाठी सांगून ठेवलं. गोपालनंही मान डोलावली. साहेब लोक गाडीतून उतरत नाहीत, काच वर करून पाहतात, काचेतून सगळं हिरवं सारखंच दिसतं, असं त्याचं म्हणणं पडलं. सदतीस जंबेऱ्या सदतीस खड्ड्यांत बसल्या, भोवती नव्या पऱ्हाट्या उभ्या राहिल्या, आणि केशरबाईंचा आकडा पुन्हा दोनशेवर आला.

दिवाळी झाली, तपासणी आली नाही. साहेबांची बदली झाली. नवीन मॅडम आल्या, त्यांना खुर्ची मिळेना. खुर्ची मिळाली तर गाडी मिळेना. तारीख पुढं जात राहिली आणि केशरबाई पाणी घालत राहिल्या. खोटी का असेनात, तहान तर त्यांनाही लागते, असं म्हणून जंबेऱ्यांना एक तांब्या जास्तच. कडुनिंब आपले सरकारी चालीनं वाढत होते. जंबेऱ्यांनी मात्र अंग धरलं. जानेवारीपर्यंत एकेकीची काडी पेन्सिलीएवढी जाड झाली.

आणि त्याच रस्त्यानं रोज सकाळी बुधाजी फाट्यावर चहा प्यायला जात होते.

आता आपण बुधाजींच्या जागी उभं राहून पाहावं. पन्नास वर्षं ज्या माणसानं पेन्सिलीएवढी जंबेरी दिसली की तिच्या सालीत संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, बसवून बांधला, त्याच्या दोन्ही हातांना दर जानेवारीत खाज सुटणारच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि बुधाजी तर चांगले जिते होते. पहिल्या दिवशी ते नुसते थांबले. दुसऱ्या दिवशी नखानं साल उचलून पाहिली, तर साल लोण्यासारखी सुटत होती. तिसऱ्या दिवशी ते गोवर्धनच्या बगीच्यात गेले, त्याच्या बांधावरच्या सगळ्यात गोड झाडाच्या चार काड्या मागून आणल्या, मायाच्या शिलाईच्या डब्यातलं ब्लेड घेतलं, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांच्या पट्ट्या कापल्या आणि आठ दिवसांत सदतीसच्या सदतीस डोळे बांधून मोकळे झाले.

केशरबाईंना कळलं ते पाणी घालताना. एका जंबेरीच्या बुंध्याला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्यांच्याच घरच्या दुधाच्या पिशवीवरची गाय त्यांच्याकडे पाहत होती.

"अवो!" त्या घरी येऊन दारातूनच ओरडल्या. "काय करून ठेवलं हे?"

"काय केलं?"

"सरकारी झाडायवर डोळे बांधले!"

बुधाजींनी नाकारलं नाही. "पेन्सिलीएवढी जंबेरी, साल सुटून राहिली, अन् तशीच सोडून देऊ? मी माणूस हाओ का कसाई?"

"अवो, थ्यो कडुनिंब हाये!"

"कुठी हाये कडुनिंब?"

"कागदावर!"

"कागदाले मी कुठी डोळा बांधला?"

केशरबाईंनी पदर खोचला. "आत्ताच्या आत्ता पट्ट्या सोडा. नाई तं मीच जाऊन उपटून फेकतो सारे."

"सोडल्या तं डोळे मरतीन, केशर. फक्त वीस दिवस. वीस दिवस हात नोको लावू."

केशरबाई पुष्कळ बोलल्या. बुधाजींच्या आईपासून सुरुवात करून त्या फाट्यावरच्या चहापर्यंत आल्या. पण पट्ट्या काही सोडवल्या नाहीत. जिवंत डोळा हातानं मारायचा म्हटलं, की त्यांचा हात पुढं जाईना. आणि वीस दिवसांत कोण येणार होतं? चार महिन्यांत कुणी आलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी गोपाल धापा टाकत आला. "काकू, उद्या दहाले तपासणी! मॅडम सोता येऊन राहिल्या!"

केशरबाई बुधाजींना सांगायला आत वळल्या, तर बाजेवर बुधाजी नव्हते. विळाही जागेवर नव्हता. दोघं धावत रस्त्यावर गेली, तर बुधाजी फाट्याजवळच्या शेवटच्या जंबेरीपाशी उकिडवे बसले होते आणि तिचा शेंडा छाटत होते. मागं छत्तीस खड्ड्यांमध्ये दीड वीत उंचीचे छत्तीस खुंट उभे होते. झाडाचं नावसुद्धा नाही, नुसत्या खुंट्या.

"हे काय केलं वो!" केशरबाईंचा आवाज रडवेला झाला.

"डोळा लागला," बुधाजी आनंदानं म्हणाले. "पाह्य, कसा हिरवागार हाये. आता शेंडा ठेवला तं सारा रस वर जाते अन् डोळा उपाशी राहते."

"उद्या तपासणी हाये!"

"थे डोळ्याले कोण सांगतलं?"

केशरबाई खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या, तेव्हा कुठं बुधाजींच्या हातातला विळा थांबला. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोची बोलणी भरपूर खाल्ली होती. ती त्यांना चालत. हे रडणं मात्र त्यांना झेपेना.

"रडू नोको वं," ते पुटपुटले. "तुहा रस्ता जाऊ देत नाई मी."

मग गोपालचं डोकं चाललं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघांनी गोवर्धनच्या बांधावरच्या मोठ्या कडुनिंबाच्या सदतीस डहाळ्या तोडल्या, एकेका खुंटाला सुतळीनं उभ्या बांधल्या, आणि नऊ वाजता रस्ता असा दिसू लागला की गोपालनं चार फोटो काढून घेतले. दहाला मॅडम आल्या असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती. मॅडम आल्या एक वाजता. फेब्रुवारीतलं वऱ्हाडातलं ऊन. सदतीस कडुनिंबांनी माना टाकल्या होत्या. केशरबाई एकेकाच्या तोंडावर पाणी मारत फिरत होत्या, पण मेल्याला पाणी पाजून तो थोडाच उठतो!

गाडी थांबली आणि गोपालचा पहिला अंदाज चुकला. मॅडम उतरल्या. गीतांजली मॅडम, वय असेल तिशीचं, डोक्याला टोपी, पायात बूट, हातात कागद अडकवलेली पाटी. त्या चालत निघाल्या आणि प्रत्येक झाडाला हात लावून पाहू लागल्या.

"छान जगवली आहेत हो," त्या छापील मराठीत म्हणाल्या. "कुंपणही नीट केलंय. पाणी रोज?"

"रोज," केशरबाई म्हणाल्या. त्यांची नजर पुढच्या पाचव्या झाडावर होती. मग चौथ्या. मग तिसऱ्या.

"हे असं का झालंय?" मॅडम पहिल्या डहाळीपाशी थांबल्या.

"नाजूक जात हाये, मॅडम," गोपाल घाईघाईनं म्हणाला. "दुपारी झोपते. सकाळी पाहा तुमी."

मॅडमनी डहाळीला हात लावला. सुतळी सुटली, आणि अख्खा कडुनिंब त्यांच्या हातात आला. त्या हातातल्या डहाळीकडे पाहत राहिल्या. मग खाली खुंटाकडे. गोपाल आभाळाकडे पाहू लागला, जणू झाड तिथून पडलं होतं.

केशरबाईंना हे सहन होईना. झाकली मूठ किती वेळ झाकायची? त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. ट्रॅक्टर, पऱ्हाट्या, जंबेऱ्या, डोळे, शेंडे, सुतळी. "एकशे त्रेसष्टच हायत, बाई. खोटं बोललो. दोनशे पायजे होते, म्हणून केलं. पण जे हायत ना, त्यायले दुसऱ्याच्या हाती देऊ नका. उन्हाळ्यात मरतीन थे."

मॅडम गोंधळल्या. "दोनशे पाहिजेत असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

सगळ्यांनी गोपालकडे पाहिलं.

"दीडशे लागतात," मॅडम म्हणाल्या. "चारात तीन जगली की झालं. दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलंय."

"दुसरं पान?" गोपाल म्हणाला. "मले तं एकच उघडलं होतं."

केशरबाईंनी आजूबाजूला पाहिलं. हाताशी गोपालला हाणण्याजोगी वस्तू म्हणजे एक सुकलेली डहाळी होती. पण रागावण्याएवढं बळही त्यांच्यात उरलं नव्हतं. चार महिने घशाखाली घास उतरला नव्हता, आणि गरज कशाचीच नव्हती. त्या रस्त्याच्या कडेला बसल्या आणि हसायला लागल्या. "रस्ता माह्याकडेच ऱ्हाते ना, बाई?"

"तुमच्याकडेच. मी एकशे त्रेसष्ट लिहिते." मॅडमनी लिहिलंसुद्धा. मग त्यांचा चेहरा पुन्हा सरकारी झाला. "पण हे सदतीस खुंट इथे चालणार नाहीत. रस्त्यावर संत्री लागली तर गाड्या थांबतील, लोक तोडायला धावतील, अपघात होतील. आत्ताच उपटून टाका. मला फोटो लागेल."

"बरोबर हाये," गोपाल म्हणाला. तो आता कशालाही बरोबर म्हणाला असता.

केशरबाई उठल्या. तीन आठवडे त्या हेच म्हणत होत्या, उपटून फेकतो सारे. आता सरकारनंच सांगितलं होतं. त्या चालत पहिल्या खुंटापाशी गेल्या आणि त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

"नाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"उपटू देत नाई. वाटलं तं रस्ता काढून घ्या माह्याकून. घ्या, खोडा थे एकशे त्रेसष्ट."

गोपाल किंचाळला, "काकू! आत्ता तं पास झाल्या तुमी!"

"तू चूप ऱ्हाय, एकपान्या!" केशरबाई मॅडमकडे वळल्या. "बाई, या माणसानं जिंदगीभर लोकायच्या वावरात डोळे बांधले. इथून वरूडपावतर जेवढे बगीचे दिसतात, त्यात किती झाडायवर यायचा हात हाये, मोजता येत नाई. आमच्या सोताच्या नावावर वावर नाई, संत्र्याचं एक झाड नाई. आता हात थरथरते म्हणून घरच्यायनं चाकू काढून घेतला. त्या थरथरत्या हातानं सदतीस बांधले यायनं. अन् सदतीस लागले, बाई! एकही मेला नाई! एखादा मेला असता तं मीच उपटून देल्ले असते सारे."

बुधाजी बायकोकडे पाहतच राहिले. आपण बांधलेला एकेक डोळा तिनं मोजला होता, हे त्यांना आत्ता कळत होतं. ते पुढं आले आणि त्यांनी वाकून एका खुंटाला हात घातला. "मॅडम, बायकोच्या बोलण्याकडे लक्ष नका देऊ. रस्ता तिच्याकडेच ऱ्हाऊ द्या. मी उपटतो. माहेच हायत."

"हात लावू नका म्हणतो ना मी!" केशरबाईंनी त्यांचा हात धरला.

"सोड वं. तुहे दोनशे लेकरं हायत."

"अन् हे कोणाचे हायत?"

दोघांची ओढाताण सुरू झाली. मॅडम वैतागल्या. "थांबा, मीच काढते," असं म्हणून त्या त्याच खुंटापाशी वाकल्या. हात बुंध्याशी गेला. पट्टीच्या फटीतून डोळा हिरवागार टपोरून आला होता. पट्टीच्या खाली मात्र डोळ्याचा रस चोरणारी जंबेरीचीच एक मस्तवाल फूट निघाली होती. मॅडमच्या अंगठ्यानं ती खालची फूट टच्कन मोडली. त्यांनी ती बाजूला टाकली आणि विचार न करता पुढच्या खुंटाकडे गेल्या. तिथलीही मोडली. तिसऱ्या खुंटाचीही मोडली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मागची ओढाताण थांबली आहे.

बुधाजी कमरेवर हात ठेवून उभे होते. "पोरी, तू कोणाची वं?"

मॅडमनी अंगठ्याचा हिरवा डाग रुमालाला पुसला. छापील मराठी कुठं गेली कोण जाणे. "शेंदूरजन्याची हाओ, काका. बाबाचा बगीचा हाये. कलमाखालची फूट तशीच सोडली असती तं मायनं जेवाले नसतं देल्लं."

"मंग उपट ना आता."

"आता कशी उपटू?" मॅडम चिडून म्हणाल्या. "तुमी बी काका, रस्त्यावर बांधतात का कोणी?"

उरलेल्या चौतीस खुंटांच्या खालच्या फुटी चौघांनी मिळून मोडल्या. मॅडमनी पाटीवरच्या कागदावर शेरा लिहिला आणि गोपालच्या हाती दिला. गोपालनं तो आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला : ‘कडुनिंब एकशे त्रेसष्ट, जिवंत. संत्रा कलमे सदतीस, जिवंत. पावसाळ्यात कलमे इतरत्र हलवावीत व रिकाम्या जागी कडुनिंब लावावेत.’

जुलैमध्ये कलमं हलली. पण कुठं हलवणार? यांच्याकडे ना वावर, ना बांध. घराच्या अंगणात दोन मावली. मग केशरबाईंनी उरलेली गावात वाटली. एका घराला एक. जयभीमवाल्यांच्या आळीत, माळ्यांच्या आळीत, सरपंचाच्या गोठ्यामागं, आणि एक गोपालच्या दारात. एक मॅडम वरूडच्या आपल्या क्वार्टरसाठी घेऊन गेल्या. रिकाम्या सदतीस खड्ड्यांत खरे कडुनिंब आले आणि केशरबाईंच्या रस्त्यावर शांतता झाली.

गावात मात्र ती राहिली नाही. बुधाजी आता फाट्यावर जात नाहीत. रोज सकाळी सात वाजता ते घरोघरी हिंडतात, कुंपणात शिरतात, माती उकरून पाहतात आणि घरच्या बाईला बाहेर बोलावतात. "पाणी काहून जास्त घातलं? बुडाशी भांडे धुता का? राख कोण टाकली?" लोक वैतागून केशरबाईंकडे येतात आणि म्हणतात, बुढ्याले आवरा. केशरबाई म्हणतात, "कलम न्याले आले तवा विचारलं होतं का मले?" मायानं चाकू आपण होऊन परत दिला, कारण सासरे घरी नसले की तिची शिलाई भराभर होते.

परवाच्या रविवारी सकाळी केशरबाईंच्या घरी मॅडमचा फोन आला. आवाज दबका होता.

"काकू, काका आज वरूडले येणार हायत का वो? नाई म्हंजे, आठ दिवस दौऱ्यावर होती मी. पाणी घालाचं ऱ्हाऊन गेलं. पानं पिवळे पडले. मी आज घरी नाई म्हणून सांगता का त्यायले?"

केशरबाईंनी खुंटीकडे पाहिलं. बुधाजींची टोपी आणि पिशवी दोन्ही तिथं नव्हती.

"थे तं आठच्या गाडीनं गेले, बाई," त्या म्हणाल्या. "आतापावतर उतरले असतीन."

तिकडून कुणीतरी दाराची कडी वाजवल्याचा आवाज आला, आणि मॅडमनी फोन ठेवला.